पाठीला विचारून सॅक घ्या!

लॅपटॉपची बॅग आपण कशी घेतो? रंग बघतो, कप्पे मोजतो, पाण्याची बाटली बाजूला नीट बसते का ते बघतो, पाठीवर अडकवून आरशासमोर एकदा वळतो आणि कार्ड पुढे करतो. सगळा मामला दहा मिनिटांचा. ट्रेकची सॅकही बहुतेक जण अशीच घेतात. हरिश्चंद्रगडावर एक रात्र काढायची, पाठीवर आठ-दहा किलो, त्यातही निम्मं वजन खाण्याचं. सॅक जरा इकडची तिकडची असली तरी सोमवारी खांदे दुखतात आणि बुधवारपर्यंत आपण विसरूनही जातो.

पण पाठीवर पंचवीस-सव्वीस किलो घेऊन, दहा हजार फुटांवर, वाट नसलेल्या जंगलातून, आडव्या पडलेल्या झाडांवरून पाय टाकत उतरायचं असेल तर? आणि ते वजन म्हणजे तंबू-बिंबू नसून मांस असेल, जे वाया घालवणं हा कायद्याने गुन्हा आहे, तर?

२०२३च्या ऑक्टोबरमध्ये मला हेच करायचं होतं. त्यासाठी सॅक निवडायला मला तब्बल अडीच महिने लागले. बायकोचं म्हणणं, ‘लग्नाला हो म्हणायलासुद्धा तू एवढा वेळ घेतला नव्हतास!’

मी आणि शिकार?

थांबा, दचकू नका. मी शिकारी नाही. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा विषयच संपवलाय, आणि ते उत्तमच झालं. मी सातारा जिल्ह्यातला, राहतो अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हर शहरात. तुमच्यासारखाच रोज स्क्रीनसमोर बसून पाठ वाकडी करणारा. बंदुकीचं म्हणाल, तर माझ्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला ती जवळ बाळगायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याची मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असेल तर अपवाद. पण मला ना परवाना हवा होता ना बंदूक.

मला हवी होती पाठ. म्हणजे माझी पाठ दुसऱ्या कुणाला तरी हवी होती!

आमच्या टीममध्ये एक डीबीए आहे. वय वर्षं ६१. सर्व्हर कोसळला की सगळे ओरडतात, तेव्हा हा शांतपणे कॉफी घेऊन येतो. दरवर्षी शरद ऋतूत तो एक एल्क मारतो आणि त्याच्या घरचा फ्रीझर वर्षभरासाठी भरतो. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ समजा. नराचं वजन तीनशे किलोंच्या आसपास, मादीचं सव्वादोनशे. कोलोरॅडोत असे अडीच लाखांहून जास्त एल्क आहेत. किती मारायचे, कुठे, कोणत्या आठवड्यात, हे राज्याचं वन्यजीव खातं ठरवतं. बऱ्याच भागांतले परवाने तर सोडतीने मिळतात. आपल्याकडे म्हाडाची लॉटरी लागते ना, तसंच.

त्या वर्षी डीबीएला सोडतीत मादीचा परवाना लागला. पण मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या होत्या. दरवर्षी त्याच्याबरोबर जाणारा त्याचा भाऊ वारला होता आणि त्याचा स्वतःचा एक गुडघा बदलला होता. बायकोने स्वच्छ सांगितलं होतं, ‘एकटा गेलास तर परत घरात येऊ नकोस.’ माझ्या डेस्कटॉपवर राजगडाचा फोटो असतो. एका दुपारी तो मागे येऊन उभा राहिला. फोटोकडे बघत म्हणाला, ‘तू डोंगर चढतोस ना? मारायचं काम माझं. फक्त खाली आणायला मदत करशील? नाही म्हणालास तरी चालेल, मी परवाना परत करतो.’

एकसष्ट वर्षांचा माणूस ‘नाही म्हणालास तरी चालेल’ असं म्हणतो, तेव्हा ते त्याला अजिबात चालणार नसतं, हे कळायला इंग्रजी यावं लागत नाही.

आधी गणित, मग रंग

हो म्हटल्यावर मी उत्साहात दुकानात गेलो आणि अर्ध्या तासात बाहेर आलो. भिंतभर सॅक. पानापानांच्या छापाच्या, मातकट, करड्या, पन्नास बंद लटकणाऱ्या. मापं क्युबिक इंचांत! आपल्याला लिटरची सवय. साधारण ६१ क्युबिक इंच म्हणजे एक लिटर, हे पाठ करून दुसऱ्यांदा गेलो.

तरी प्रश्न लिटरचा नव्हताच. डीबीएने कॅफेटेरियातल्या टिश्यूवर मला गणित मांडून दिलं. सव्वादोनशे किलोंच्या मादीचं हाडं काढलेलं मांस साधारण ७० किलो. आम्ही जाणार होतो ‘फ्लॅट टॉप्स’ या पठारावर. हा भाग १९७५ पासून कायद्याने राखीव अरण्य, ‘विल्डरनेस’ आहे. अशा अरण्यात मोटार सोडाच, सायकल किंवा हातगाडीसुद्धा न्यायला बंदी. घोडा चालतो, नाहीतर माणूस. घोडा आमच्याकडे नव्हता.

म्हणजे ७० किलो दोन पाठींवरून. डॉक्टरांनी डीबीएला दहा किलोंच्या वर उचलायला मनाई केलेली. त्याच्या दोन खेपा, म्हणजे २० किलो. उरले ५०. माझ्याही दोन खेपा, म्हणजे प्रत्येक वेळी २५, वर पाणी, जॅकेट आणि सॅकचं स्वतःचं वजन. माझं वजन ६६ किलो! टिश्यूकडे बघून मला पहिल्यांदा घाम फुटला.

टाळाटाळ करायची सोय नव्हती. कोलोरॅडोचा नियम असा की, मारलेल्या जनावराचे चारही पाय, पाठीचं आणि आतल्या बाजूचं मऊ मांस, एवढं तरी बाहेर आणलंच पाहिजे. मांस टाकून नुसती शिंगं घेऊन येणं हा तिथे गंभीर गुन्हा आहे. थोडक्यात काय, माझी पाठ कमी पडली असती तर ट्रिगर ओढण्याचा अधिकारच डीबीएला नव्हता. तो तसं बोललाही, ‘आपण किती वाहू शकतो हे कळल्याशिवाय मी नेम धरणार नाही.’

सॅकची निवड ही शॉपिंग राहिली नाही, ती इथून.

खांदे वाहत नाहीत, कंबर वाहते

जड वजनाच्या सॅकचा इतिहास मजेशीर आहे. १९५२च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेलमध्ये डिक केल्टी नावाच्या माणसाने घरच्या घरी ॲल्युमिनियमच्या नळ्यांची चौकट बनवून तिच्यावर पिशवी लावायला सुरुवात केली. चौकटीचा भार त्याने कमरेच्या पट्ट्यावर आणला आणि तिथून सगळं चित्र बदललं. १९६७ मध्ये ग्रेग लोवने ती चौकट पिशवीच्या आत ढकलली. आज आपण सह्याद्रीत नेतो त्या सॅक या दुसऱ्या घराण्यातल्या. शिकारीच्या सॅक दोन्हीकडचं घेतात. चौकट कडक, पण पाठीला चिकटलेली. माँटाना राज्यातल्या बोझमनमध्ये २००० साली सुरू झालेली ‘मिस्टरी रँच’ (२०२४ मध्ये ती ‘येती’ने विकत घेतली) वणवा विझवणाऱ्यांसाठी आणि सैनिकांसाठी सॅक बनवत बनवत शिकारीत आली. ‘किफारू’ नावाची एक कंपनी आहे. किफारू म्हणजे स्वाहिली भाषेत गेंडा. नाव वाचूनच पाठ ताठ होते!

या सगळ्यांचं तत्त्व मात्र एकच. खांद्यांनी वजन उचलायचं नाही, नुसतं तोल सांभाळायचं. उचलायचं कमरेने. त्यासाठी तीन गोष्टी जमाव्या लागतात.

पहिली, धडाची लांबी. मान खाली घातली की मानेमागे जो मणका टोचतो, तिथून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेइतक्या उंचीपर्यंत टेपने मोजायचं. आपली एकूण उंची इथे बिनकामाची. माझ्याहून वीतभर उंच असलेल्या मित्राचं आणि माझं धड सारखंच निघालं, अठरा इंच.

दुसरी, कमरेचा पट्टा. तो पोटावर बांधायचा नसतो, कमरेच्या हाडावर बसवायचा असतो, म्हणजे पट्ट्याचा मध्य बरोबर हाडाच्या कडेवर. आवळल्यावर पुढे दोन्ही गाद्यांमध्ये थोडी फट राहिली पाहिजे. माझी कंबर २८ इंच. अमेरिकन मापाचा मधला पट्टा मी पूर्ण आवळला तर दोन्ही गाद्या पुढे येऊन गळाभेट करत होत्या! तेवढ्यावर मला एक सॅक नाकारावी लागली.

तिसरी, चौकटीची उंची. खांद्याच्या पट्ट्यांवरून मागे चौकटीकडे जाणारे दोन छोटे बंद असतात, बघितलेत? बहुतेकांना ते शोभेचे वाटतात. ते ओढले की सॅकचं डोकं पाठीकडे येतं आणि खांद्यावरचा भार उचलला जातो. पण त्यासाठी चौकट खांद्याच्या दोन-चार इंच वर जायला हवी. चौकट बुटकी असेल तर तुम्ही ते बंद दिवसभर ओढा, काही होत नाही.

चार पर्याय, एक पाठ

पहिला पर्याय घरातच होता. पुण्याहून आणलेली साठ लिटरची ट्रेकिंग सॅक. तिने माझ्याबरोबर राजगड-तोरणा केला, साल्हेर केला. जीव तिच्यावर. पण ती पंधरा-सतरा किलोंपर्यंत गुणी. बावीस किलो घातले की तिची पाठ वाकायची आणि वजन कमरेवरून निसटून खांद्यावर यायचं. शिवाय मांस आत टाकलं की सॅक कायमची गेली.

दुसरा, नुसती ॲल्युमिनियमची चौकट, खाली वजन ठेवायला पुढे आलेला कठडा, पिशवी नाहीच. सगळ्यात स्वस्त. ओझं बांधायचं आणि चालायचं. हमालीचं काम असेल तर याहून प्रामाणिक वस्तू नाही. पण ती वाजते. धातूवर फांदी घासली की टण्ण! आणि मी डीबीएबरोबर तीन दिवस त्याच्या मागे मागे फिरणार होतो. एल्कचे कान आपल्या एचआरपेक्षा तिखट. त्यात फ्लॅट टॉप्सवर १९४०च्या दशकात सालीतल्या किड्याने स्प्रूसची झाडं प्रचंड प्रमाणात मारली होती, आणि आडव्या झाडांच्या जंगलातून वाकून जाताना वर आलेली चौकट अडकते ती अडकतेच.

तिसरा, खास शिकारीसाठीची सॅक. हिची गंमत अशी की पिशवी आणि चौकट यांच्यामध्ये जागा उघडते. पिशवी पुढून सैल करायची, मांसाची कापडी थैली मध्ये ठेवायची, खालचा कठडा तिला पेलतो, मग पिशवी पुन्हा आवळायची. सगळ्यात जड गोष्ट पाठीला सगळ्यात जवळ. वजन जितकं पाठीपासून लांब, तितकं ते तुम्हाला मागे खेचतं आणि तितके तुम्ही पुढे वाकता, हे शाळेतलं तरफेचं गणित. कापड मऊ, आवाज न करणारं. किंमत? सहाशे ते आठशे डॉलर! म्हणजे पन्नास हजार रुपयांपासून पुढे. एका वीकएण्डसाठी.

चौथा, कुणाची तरी मागायची. डीबीएने भावाची सॅक काढून दिली होती. पण भाऊ सहा फूट दोन इंच. ती घातल्यावर पट्टा माझ्या मांड्यांवर आला. त्याने ती न बोलता पुन्हा कपाटात ठेवली.

मी तिसऱ्या प्रकारातली, पण जुनी शोधली. एका माणसाने एकच हंगाम वापरलेली, चारशे डॉलरला. पट्टा वेगळा काढता येतो, म्हणून लहान मापाचा ऐंशीला नवीन घेतला. नाव मुद्दाम सांगत नाही. कारण तुमची पाठ माझी नाही.

सोना मसुरीची परीक्षा

दुकानात सॅक घालून बघायला वाळूच्या पिशव्या देतात. घरी वाळू कुठली? आमच्याकडे इंडियन स्टोअर झिंदाबाद. वीस पौंडांची म्हणजे नऊ किलोंची सोना मसुरीची पिशवी. एक, मग दोन, मग तीन. सत्तावीस किलो तांदूळ पाठीवर घेऊन मी रोज संध्याकाळी आमच्या बिल्डिंगचे चार जिने चढायचो-उतरायचो. शेजारचा कोरियन मुलगा पहिल्या दिवशी म्हणाला, ‘लिफ्ट चालू आहे.’

डेन्व्हरची एक गंमत सांगतो. हे शहर समुद्रसपाटीपासून १६०९ मीटरवर आहे आणि आपलं कळसूबाईचं शिखर १६४६ मीटरवर. म्हणजे महाराष्ट्राच्या माथ्याच्या जवळपास उंचीवर मी रोज दात घासतो! जिथे जायचं होतं ते पठार त्याच्या दुप्पट. त्यामुळे दम लागणार हे नक्की होतं. दमावर इलाज सराव. पण सॅक चुकीची असेल तर सरावाने फक्त दुखणं पक्कं होतं.

पहिल्या आठवड्यात डाव्या कमरेवर लाल वळ उठला. बंदांशी खेळत बसलो. क्रम असा सापडला. आधी सगळे बंद सैल. मग कमरेचा पट्टा हाडावर ठेवून घट्ट. मग खांद्याचे पट्टे नुसते टेकतील इतके. मग वरचे छोटे बंद. शेवटी छातीचा. उतरताना कमरेचा एक घास जास्त आवळायचा. दुसऱ्या आठवड्यात वळ गेला.

एक शंका मात्र होती. तांदूळ घट्ट बसतो, मांस लिबलिबीत असतं. म्हणून एक दिवस तांदळाऐवजी पाण्याच्या पिशव्या भरल्या. आणि काय सांगू, तेच वजन, पण दुप्पट वाटलं! पावलागणिक पाणी डुचमळायचं आणि मला ढकलायचं.

आबांचा फोन

आता खरी गोष्ट. घरी मी यातलं काही सांगितलं नव्हतं.

माझे वडील, आबा, वाशीच्या बाजारात माथाडी कामगार होते. एकतीस वर्षं. साताऱ्याच्या आमच्या भागातून मुंबईला गेलेल्या कितीतरी घरांची हीच गोष्ट आहे. अण्णासाहेब पाटलांनी या लोकांना संघटित केलं, १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला, त्याच्या जोरावर आमच्यासारखी पोरं शिकली. आबांच्या उमेदीच्या काळात पोतं शंभर किलोंचं असायचं. पन्नासचं नंतर आलं. आबांच्या मणक्यात गॅप आलाय तो त्या शंभराचा. आता ते गावी असतात आणि पाण्याची कळशीसुद्धा उचलत नाहीत.

व्हिडिओ कॉलवर मागे पडलेली सॅक आणि तांदळाच्या पिशव्या त्यांना दिसल्या. ‘काय रं, दुकान टाकलंस का?’ मग सगळं सांगावं लागलं. एल्कची मादी म्हणताना मी शब्द फार जपून वापरले, कारण इंग्रजीत तिला ‘काऊ’ म्हणतात आणि आई शेजारी बसली होती.

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘तुला वझी उचलाय लागू न्हायीत म्हणून मी उचलली. आन तू पैसं देऊन उचलायला निगालास व्हय?’

याच्यावर काय उत्तर देणार? खरंच होतं ते. मी म्हटलं, ‘आबा, तो माणूस एकटा आहे. भाऊ गेलाय त्याचा. मी गेलो नाही तर तोही जाणार नाही, आणि मग पुन्हा कधीच जाणार नाही.’

पुन्हा शांतता. मग विचारलं, ‘वजन किती?’

‘एका खेपेला पंचवीस.’

‘हालतंय का बसतंय?’

मी पाण्याच्या पिशव्यांचं सांगितलं. आबा हसले. ‘अरं लेका, वजन न्हाय मारत माणसाला, त्याचं हालणं मारतं. पोतं सैल भरलेलं आसंल तर आम्ही उचलायचोच न्हाय. आधी आपटून बसवायचं. आन आंगाला चिकटून पायजे. मधी हवा शिरली की गेला मणका.’

मी सॅक घालून दाखवली. कमरेचा पट्टा बघून ते पुढे सरकले. ‘ही काय भानगड?’ मी समजावलं की सगळं वजन यावर येतं, खांद्यावर नाही. आई मध्येच म्हणाली, ‘म्हंजी चुंबळच की! डोईवरच्या हंड्याला लागती तशी, ही कमरंची.’ अडीच महिने मी जे वाचत होतो, ते तिने एका वाक्यात संपवलं. हंडा डोक्यावर असो की मांस पाठीवर, भार हाडावर यायला हवा आणि मध्ये काहीतरी मऊ हवं.

फोन ठेवताना आबा म्हणाले, ‘मारायचं पटत न्हाय मला. पर म्हाताऱ्याला एकटा सोडू नको.’

डोंगरात

सॅकची शेवटची परीक्षा तीन दिवस चालली. रायफलच्या हंगामात शिकाऱ्याला कमरेच्या वर किमान पाचशे चौरस इंच भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी कापड घालावं लागतं, शिवाय टोपी. मी शिकारी नसलो तरी मीही घातलं. आणि इथे सॅकचा एक धडा कुठल्या दुकानात मिळाला नव्हता. पाठीवर सॅक आली की मागून तुमचं नारिंगी जॅकेट झाकलं जातं! जंगलात पाठीवर मांस घेऊन वाकून चालणारा मातकट आकार दुरून कशासारखा दिसेल, विचार करा. डीबीएने माझ्या सॅकवर नारिंगी कव्हर चढवलं आणि दोनदा ओढून बघितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने मादी मारली. एकच गोळी. मी त्याचं फार वर्णन करणार नाही. आवाजानंतरची शांतता मला अजून आठवते, आणि तो तिच्याजवळ टोपी काढून बसला होता तेही. मग सहा तास काम. कातडं सोडवून मांस लवकर थंड करणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण इतक्या मोठ्या जनावराच्या अंगातली ऊब थंडीतही लवकर जात नाही. हाडं काढून मांस हवा लागणाऱ्या कापडी थैल्यांत भरलं. मी प्रत्येक थैली गुंडाळून, दाबून, घट्ट बांधली. ‘हे कुठे शिकलास?’ डीबीएने विचारलं. म्हटलं, ‘वाशी मार्केट.’

गाडी चार किलोमीटरवर. पहिली खेप त्याच दुपारी. उरलेलं मांस आम्ही दोराने सावलीत उंच टांगलं, अस्वलांच्या पोचेबाहेर. दुसरी खेप दुसऱ्या दिवशी सकाळी, पाणी गोठलेलं असताना. आडव्या झाडांवरून पाय टाकताना मी मनात आबांचे शब्द मोजत होतो, हालतंय का बसतंय, हालतंय का बसतंय. बसत होतं. गुडघे बोलत होते, फुप्फुसं ओरडत होती, पण पाठ गप्प होती. डीबीए दहा किलो घेऊन माझ्या मागे, दोन काठ्या टेकत. वाटेत एका ओढ्याशी तो म्हणाला, ‘माझा भाऊ इथे नेहमी बसायचा.’ आम्हीही बसलो. सॅक न काढता, एका दगडाला टेकवून.

७० किलोंपैकी काहीही मागे राहिलं नाही.

वाट्याला आलेलं मांस आम्ही कांदा-लसूण मसाल्यात शिजवलं. चरबी जवळजवळ नसतेच, त्यामुळे मंद आचेवर फार वेळ लागतो. डीबीए आणि त्याची बायको जेवायला आले. दोघांचीही नाकं लाल झाली आणि दोघांनीही पुन्हा वाढून घेतलं.

तुमच्यासाठी

तुम्ही शिकारीला जाणार नाही, ठाऊक आहे. पण राजमाचीला जाल, हिमालयात जाल, बाळाला पाठीवर घेऊन भंडारदऱ्याला जाल. तेव्हा हे लक्षात ठेवा.

सॅक घेण्याआधी नेणार असलेलं सगळं सामान काट्यावर ठेवा. लिटर नंतर, किलो आधी.

धड मोजून घ्या. मित्राला चांगली आहे म्हणून तुम्हाला चांगली असेलच असं नाही. बायकांच्या कमरेची आणि खांद्यांची ठेवण वेगळी असते, त्यांच्यासाठी वेगळ्या मापाचे पट्टे मिळतात, ते मागा.

रिकामी सॅक घालून बघू नका. रिकामी सॅक प्रत्येकालाच शोभते. दुकानात वजन टाका आणि वीस मिनिटं फिरा, जिना असेल तर चढा.

जड सामान पाठीला चिकटून, खांद्याच्या पात्यांच्या आसपास. हलकं बाहेर आणि खाली. आत काहीही डुचमळता कामा नये.

आणि पैसे खर्च करायचेच असतील तर चौकटीवर आणि पट्ट्यावर करा. कप्पे, जाळ्या, मोबाइलचे खिसे हे सगळं पाठीला कळत नाही.

२०२४च्या दिवाळीला ती सॅक मी गावी घेऊन गेलो. आबांनी आधी चौकट वाकवून बघितली, शिवण ओढून बघितली, बंदांवरून बोटं फिरवली. किंमत विचारली. मी सांगितली, चाळीस हजार. ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘घाल बरं माझ्या पाठीवं.’ आई ओरडली. मी पाच किलोंची ज्वारीची पिशवी आत टाकली, दाबून बसवली आणि पट्टा त्यांच्या कमरेच्या हाडावर आवळला. ते अंगणात दोन फेऱ्या मारून आले.

‘कमरंवर येतंय खरं,’ ते म्हणाले. ‘आमच्या टायमाला आसलं कोन देत हुतं?’

मी बंद सैल केले आणि सॅक त्यांच्या पाठीवरून उतरवून घेतली.